डोणीतला हिवाळा

भोयेदादा कचेरीत आले की आमचं सगळ्यांचं पहिलं लक्ष त्यांच्या उजव्या बाहीकडे जायचं. बाही कोपरापर्यंत चिंब ओली असायची. ते तसेच खुर्चीत बसत, दौत डाव्या हाताने बाजूला सारत आणि जाहीर करत, "आज पानी उतरलं." म्हणजे थंडी वाढली. "आज पानी उठलं," म्हणाले की थंडी सरायला लागली. जव्हारच्या कचेरीचं हवामानखातं एवढंच, आणि त्याचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही. पाण्यात हात घालताना बाही दुमडायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. जनावहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, रोज सांगत. ते रोज हो म्हणत.

संस्थान विलीन झालं आणि मुंबई सरकारची कचेरी जव्हारात थाटली गेली, तेव्हा मी कल्याणहून तिथे कारकून म्हणून आलो. घामाशिवाय दुसरा ऋतू मी पाहिलेला नव्हता. जव्हारच्या पहिल्याच हिवाळ्यात माझे दात वाजायला लागले. कानाला मफलर, त्यावर टोपी, अंगात दोन सदरे असा मी टेबलाशी बसायचो. भोयेदादा येता येता माझा मफलर खेचून काढायचे आणि खुंटीला लावायचे. म्हणायचे, "कल्याणवाले, थंडी जराशी आत जाऊ द्या. आत गेल्याबिगर ती बाहेर कशी जाईल?" मफलर परत घ्यायला उठावं तर हात खिशातून काढवत नव्हते.

ते मूळचे साखरशेतचे. घरची भाताची आणि नाचणीची शेती. थोरले भाऊ नांगरामागे राहिले आणि हे शाळेत पुढे गेले म्हणून संस्थानच्या नोकरीत लागले. उंच, हाडापेराने मोठा माणूस. अक्षर मात्र मोत्यासारखं नाजूक. स्वभावाने गरीब वगैरे अजिबात नव्हते. आपलं म्हणणं खरं ठरलं की आठवडाभर मिरवायचे, आणि खोटं ठरलं तर विषय बदलायचे. मला ते आवडले ते पहिल्या महिन्यातच, माशांच्या भानगडीत.

झालं असं, की संस्थानच्या पाहुणेघरातलं सामान मोजून ताब्यात घ्यायचं काम आम्हा दोघांवर आलं. खुर्च्या झाल्या, सतरंज्या झाल्या, आणि मागच्या व्हरांड्यात एक काचेची पेटी निघाली. आत पाणी आणि चार-पाच मासे. पेटीच्या खाली भर दुपारी कंदील जळत होता. तिथल्या म्हाताऱ्या खानसाम्याने सांगितलं, की कोणी एक पाहुणा हे मासे पार चीनकडून घेऊन आला होता. परदेशचे नाजूक जीव, यांना ऊब लागते, कंदील विझू देऊ नकोस, असं सांगून गेला. खानसाम्याने इमानेइतबारे कंदील विझू दिला नव्हता. मासे बोटभर लांब, अंगावर तांबडे-निळे आडवे पट्टे, पण धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखे फिक्कट. शेपट्या झिजलेल्या. पाण्याच्या वर तोंड काढून निपचित होते बिचारे.

साहेबांपुढे पेच पडला. पेटी सरकारजमा करता येत होती, पण मासे कशात दाखवायचे? शेवटी ते म्हणाले, "तलावात टाका आणि मोकळे व्हा."

"तलावातले मोठे मासे तेंना गिळतील, साहेब," दादा म्हणाले. "मी नेतो घरी."

नेले. पितळी कळशीतून, छातीशी धरून, बाजारातून चालत. पुढे साखरशेतहून बैलगाडीत घालून गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण आणवली, अंगणात चाफ्याखाली ठेवली आणि मासे त्यात सोडले. खंड्या पक्ष्याची चोच पोचू नये म्हणून वर बांबूची जाळी. कंदील नाही, आडोसा नाही. सगळ्यांनी वेड्यात काढलं. थंडी पडायला लागली होती, हे मासे दिवाळीच बघणार नाहीत असं पैजेवर सांगणारेही होते.

दादांचं म्हणणं एकच. साखरशेतच्या ओहोळात लहानपणी त्यांनी पाहिलं होतं, की पौषात मासे डोहाच्या तळाशी जाऊन बसतात, खात नाहीत, हलत नाहीत, आणि शिमग्याच्या सुमाराला वर येऊन नुसता दंगा करतात. "चीनला काय थंडी नसंल? आंब्याला बगा. थंडी नाय पडली तं मोहर कठला? कंदील लावून कोनी आंबा पिकवलाय?" पुढे बोट नाचवत म्हणायचे, "ह्यांना मारलं ते थंडीने नाय. बारा महिने एकच उन्हाळा दिला, तेणं मारलं."

मासे दिवाळीनंतरही जगले. पौषात तळाशी जाऊन बसले, अगदी दगडाला चिकटून. दादा रोज सकाळी कोपरापर्यंत हात घालायचे आणि माशांना न शिवता बाहेर काढायचे. खायला घालायचं बंद. "झोपलेल्याला जेवाया उठवू नये," म्हणायचे. मग एक दिवस, होळीच्या गोवऱ्या थापायला लागल्या होत्या तेव्हा, ते गळत्या बाहीनिशी धावतच कचेरीत आले आणि दारातूनच ओरडले, "फेस आला!" साहेबांना वाटलं कुणाला फेफरं आलं. सगळी कचेरी उठून त्यांच्या अंगणात गेली.

डोणीत पळसाचं एक पान तरंगत होतं. त्याच्या खाली नर माशाने तोंडाने बुडबुडे सोडून फेसाचं घरटं बांधलं होतं. आणि तो नर! हाच तो विटलेला मासा यावर विश्वास बसेना. पट्टे असे तांबडे-निळे भडक, की कचेरीतला आमचा शिपाई धर्मा आपल्या खांद्यावरच्या पट्ट्याकडे बघायला लागला. त्या दिवसापासून माशांचं नाव 'पट्टेवाले' पडलं. धर्माला ते पहिल्यांदा खटकलं, नंतर तो डोणीशी जाऊन "काय मंडळी, हजर का?" असं विचारायला लागला. जनावहिनींनी सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. घरात बाळंतपण झाल्याचा थाट होता. आठवड्याभरात डोणीत केसाएवढी पिल्लं तरंगायला लागली आणि दादांनी शिमगाभर आमचं डोकं खाल्लं.

आता हे सिद्ध झालं म्हटल्यावर माणसांना लागू करायचा मोह त्यांना आवरेना. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी स्वतः पहाटे थंड पाण्याने अंघोळ सुरू केली. मीही करावी असा आग्रह धरला, मी सरळ नाही म्हटलं. थोड्याच दिवसांत दादा तापाने फणफणले. भेटायला गेलो तर दोन घोंगड्यांच्या खालून आवाज आला, "मी मासा नाय, एवढं कळलं." वहिनी काढा करत होत्या. त्या म्हणाल्या, "मी कवाधरनं सांगते. यांना पटायला ताप लागतो."

जनावहिनींबद्दल इथे सांगायला हवं. ठेंगणी, चपळ, हसऱ्या तोंडाची बाई. पण गुडघे धरलेले. थंडी पडली की सकाळी त्यांना उठताना भिंतीचा आधार लागायचा. न्हाणीच्या चुलीवर एक हंडा कायम तापत असे, त्यातल्या पाण्याने गुडघे शेकायचे, मग त्यांचा दिवस सुरू व्हायचा. कुरकूर मात्र थट्टेतच असे. मला म्हणायच्या, "भावजी, माजी सवत दगडात राहते. तिला थंडी लागते म्हनून मी पन थंडीत." दादा हसायचे. आम्हीही हसायचो.

मासे सांभाळण्यात दादा साहेबाचीही भीड धरत नसत. साहेबांच्या पत्नीला दिवाणखान्यात एक जोडी हवी होती. दादा म्हणाले, "न्या की, बाईसाहेब. फक्त दिवाणखान्याच्या खिडक्या बारा महिने उघड्या ठेवाव्या लागतील. पौषात पन." बाईसाहेबांनी त्या ऐवजी पोपट पाळला.

मग बदलीचं आलं. संस्थानच्या जुन्या नोकरांना आता मुंबई सरकारचे नियम लागू होते, म्हणजे जिल्ह्यात कुठेही जावं लागणार. दादांना डहाणूला अव्वल कारकून म्हणून बढती मिळाली. डहाणू म्हणजे समुद्रकाठ, नारळ-चिकू, उबदार हवा. वहिनींनी भांडी बांधायला काढली. त्यांचा चेहरा इतका फुललेला मी त्याआधी पाहिला नव्हता. दादा मात्र दोन दिवस डोणीशीच बसून होते. तिसऱ्या दिवशी साहेबांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बढती नको. मोखाड्याला पाठवा."

मोखाडा! मोखाडा टळावा म्हणून माणसं देव पाण्यात घालून बसत. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "कारण काय लिहू?" दादा म्हणाले, "हवापानी." साहेबांनी लिहिलं, 'प्रकृतीस्तव'. कुणाची प्रकृती ते कुणी विचारलं नाही. वहिनींनी बांधलेली भांडी सोडली नाहीत, तशीच मोखाड्याच्या लॉरीत चढवली. वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत असं दादांनीच मला नंतर सांगितलं. तेव्हा त्यांना ते गमतीचं वाटत होतं. मला आजही वाटत नाही.

माझी मोखाड्याची बदली मात्र मी न मागता झाली. त्यांच्या मागून काही महिन्यांतच हुकूम निघाला आणि मी मफलरासकट तिथे दाखल झालो. दादांच्या अंगणात डोण होती, वर जाळी होती. मोखाड्याची थंडी जव्हारच्या वरताण. दादा खूष होते. त्या साली पिल्लं इतकी झाली की डोणीत नर एकमेकांच्या शेपट्या फाडायला लागले. मग दादांनी काही पिल्लं सूर्यमाळला नेली. तिथे एका पाड्यावर लहानू नावाचा म्हातारा होता, दादा फिरतीवर गेले की त्याच्या ओसरीवर उतरत. झऱ्याखाली त्याच्या गुरांची दगडी कुंडी होती. लहानूला माशांचं कौतुक नव्हतं. पाण्यात वळवळणारे किडे ते खातात एवढं त्याने पाहिलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. चाकरी करून खाताहेत."

आणि मग तो पौष आला. दादा फिरतीवर होते, चांगले आठ-दहा दिवस. थंडी अशी, की सकाळी गवतावर पांढुरकं काहीतरी दिसायचं. मी कचेरीत जाताना वहिनींची चौकशी करून जात असे. एका सकाळी त्यांनी मला अंगणातूनच हाक मारली. चेहरा उजळलेला. "भावजी, या, या. फेस बगा!"

मी पाहिलं. डोणीत मासे फिरत होते. पौषात! नराचे पट्टे पेटले होते आणि पानाखाली चार बुडबुडे जमले होते. डोणीवर गोणपाट पांघरलेलं, बाजूला हंडा. मग त्या सांगायला लागल्या. मासे तळाशी निपचित पडलेले बघवेनात. वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या, पण या खेपेला गुडघे फार दुखत होते आणि स्वतःचे गुडघे शेकता शेकता त्यांच्या मनात आलं, की आपल्याला हंडा आहे, त्या मुक्या जिवांना काय आहे? मग सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं ऊन पाणी डोणीत ओतायला लागल्या. एकदम नाही, हात घालून बघत बघत. तिसऱ्या दिवशी मासे वर आले. "इतकी वर्सं माना टाकून पडायचे. कोनी दोन तांबे ऊन पानी दिलं नाय तेंना," त्या म्हणाल्या. हे माशांबद्दलच चाललंय ना, असं माझ्या मनात आलं. पण बाई इतक्या आनंदात होत्या, की मी "छान झालं" म्हणालो आणि मलाही ते छानच वाटलं होतं.

पुढे दोन दिवसांनी वहिनींना सणकून ताप भरला. अंथरुणातून उठवेना. चूल पेटली नाही, हंडा तापला नाही, गोणपाट अंगणात एका बाजूला सरकून पडलं. एका रात्रीत डोणीचं पाणी पुन्हा पौषाचं झालं. जागे झालेले मासे आता झोपायला विसरले होते. सकाळी ते सगळे पाण्यावर तरंगत होते, पट्टे तसेच भडक.

दादा दुपारी सूर्यमाळहून आले. घरात जाण्याआधी डोणीकडे जायची त्यांची सवय. मी तिथेच होतो, वहिनींना दवाखान्यातून औषध आणून दिलं होतं. दादांनी पाहिलं. गोणपाट पाहिलं, हंडा पाहिला. त्यांना सगळं कळलं. तोंड लालबुंद झालं. असे तावातावाने घरात शिरले की मीही मागोमाग गेलो, काही वेडंवाकडं बोलतील म्हणून.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, गुडघे छातीशी धरून. डोळ्यांना पाण्याची धार. त्या एवढंच म्हणाल्या, "मना वाटलं, तेंनाही गुडघे असतील."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. दादा जागच्या जागी थांबले. बराच वेळ ते बायकोच्या गुडघ्यांकडे बघत उभे होते, जणू ते गुडघे त्या दिवशीच घरात आले होते. मग खाली बसले. मला म्हणाले, "कल्याणवाले, जरा चूल पेटवता का?" मी न्हाणीत गेलो. मागून त्यांचा आवाज ऐकू आला, कधी नव्हे इतका हळू. "माशांनी कठं खाल्ली गं थंडी. तूच खाल्लीस."

त्या दिवशी हंड्यातलं पाणी त्यांनीच उपसलं आणि वहिनींचे गुडघे त्यांनीच शेकले. मासे मोखाड्याच्या अंगणात लावलेल्या चाफ्याच्या नव्या रोपाशी पुरले. आणि वहिनींचा ताप उतरल्यावर दादांनी सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. डहाणूची जागा अजून असेल तर मिळावी. बढती नसली तरी चालेल. कारण, प्रकृतीस्तव. या वेळी ते खरं होतं. डोण त्यांनी मोखाड्यालाच सोडली. "नेत नाही का?" मी विचारलं. "तिथं तिचं काय काम?" म्हणाले, आणि विषय बदलला.

ते गेले आणि कचेरीचं हवामानखातं बंद पडलं. मी मफलर बिनधास्त वापरायला लागलो, आणि खरं सांगतो, कुणी खेचत नाही म्हणून त्याची ऊबच वाटेना.

दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला माझी सूर्यमाळला फिरती झाली. लहानूच्या पाड्यावर गेलो. म्हाताऱ्याने मला पाणी दिलं, मग थेट झऱ्याकडे घेऊन गेला. कुंडीत पळसाचं पान तरंगत होतं. पानाखाली फेस.

"तुज्या दादाला सांग, फेस आला म्हनून," लहानू म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यात झरा आटला. बाया दरीतून हंडे आनत. मी मासे रांजनात टाकले. रोज एक तांब्या तेंना. सून बोलली मना. बोलू दे. दादाचे पाव्हने हाईत."

ज्या पाड्यावर चैत्रात माणसांना आंघोळीला पाणी नसतं, तिथला तो तांब्या होता. हा निरोप पत्राने धाडायचा नाही असं मी ठरवलं आणि रजा काढून डहाणूला गेलो.

दादा घरासमोर नारळाच्या सावलीत बसले होते. थकल्यासारखे वाटले, थोडे सुटलेही होते. मी सवयीने बाहीकडे पाहिलं. बाही कोरडी होती, इस्त्री केलेली. भोयेदादांची बाही कोरडी मी प्रथमच पाहत होतो आणि मला ते आवडलं नाही. वहिनी आतून आल्या त्या मात्र भिंतीला हात न लावता, तरातरा. पाट मांडला, पाणी दिलं, परत आत गेल्या, पुन्हा आल्या. दादा त्यांच्या चालण्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बगितलं?" शिमग्याला डोण दाखवताना ते असंच म्हणायचे.

"सूर्यमाळला फेस आलाय," मी म्हणालो.

लहानूचा तांब्या, रांजण, सून बोलली ते, सगळं दादांनी मान खाली घालून ऐकलं. वहिनी उठल्या आणि गूळ घेऊन आल्या. आधी माझ्या हातावर ठेवला, मग दादांच्या. दादांच्या हातावर ठेवताना वहिनींचा हात तिथे जरा जास्त वेळ राहिला.

संध्याकाळी दादा मला एस.टी.पर्यंत पोचवायला आले. रस्त्याला विहिरीशी गुरांची डोण होती. दादा बोलत बोलत तिच्याशी थांबले, आणि माझ्याशी बोलणं चालू ठेवूनच त्यांनी उजवा हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत. बाही न दुमडता. मग भानावर आले आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसले.

"काय म्हणतं पाणी?" मी विचारलं.

"कोमट," ते म्हणाले. "बारा महिने कोमट. तिला बरं पडतं."

एस.टी. आली. मी खिडकीशी बसलो. भोयेदादा रस्त्याच्या कडेला उभे होते, हात हलवत होते, आणि इस्त्रीच्या त्या बाहीतून पाणी टपटप खाली गळत होतं.